चर्चमध्ये फिरते प्रदर्शन भरवताना: युखरिस्तविषयक चमत्कारांच्या फलकांचा पाहुणचार

मोन्झा येथे १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निधन झालेल्या पंधरा वर्षांच्या कार्लो अकुतिस यांना ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संतपद बहाल केले. तेव्हापासून त्यांनी संगणकावर बसून जमवलेल्या युखरिस्तविषयक चमत्कारांच्या प्रदर्शनाबद्दल आपल्याकडच्या धर्मग्रामांतूनही (पॅरिशमधूनही) विचारणा वाढली आहे. युखरिस्त म्हणजे मिस्सेत, कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्ताचे शरीर व रक्त मानली जाणारी भाकर आणि द्राक्षारस. हे प्रदर्शन म्हणजे चित्रे आणि मजकूर असलेले दीडशेहून अधिक फलक होत. इटलीतील लांचानो आणि बोल्सेना, पोर्तुगालमधील सांतारें, पोलंडमधील सोकुव्का अशा ठिकाणांबरोबर केरळातील चिरट्टकोणम् येथील २००१ सालच्या घटनेचाही त्यात समावेश आहे, आणि आपल्या लोकांचे पाय बहुधा त्याच फलकापुढे सर्वांत जास्त वेळ थांबतात. असे प्रदर्शन आणणे कठीण नाही. कठीण आहे ते आणल्यावर चर्चचे चर्चपण टिकवणे, आणि पुढील सर्व सूचना त्या एका चिंतेतून लिहिलेल्या आहेत. त्या मुख्यतः वसई परिसरातील कॅथलिक धर्मग्राम डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या असल्या, तरी इतर पंथांच्या मंडळ्यांनाही पवित्र शास्त्राचा इतिहास किंवा मिशनकार्याचा इतिहास मांडणारे फलक आणताना त्यांतील बऱ्याचशा उपयोगी पडतील.

परवानगी आणि तारखा

सुरुवात प्रमुख धर्मगुरूंपासून करावी, उत्साही मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटापासून नव्हे. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, १२१० व्या कलमानुसार पवित्र स्थळी उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक ठरेल अशाच गोष्टींना वाव असतो, आणि इतर वापरास बिशपांची अनुमती लागते. फलकांचे प्रदर्शन भक्तीला पोषक आहे हे उघड असले, तरी सोबत पुस्तकविक्रीचे टेबल, चहाचा स्टॉल किंवा प्रायोजकाचे बॅनर आले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. म्हणून काय काय मांडायचे आहे त्याची यादी लेखी द्यावी, धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत तिच्यावर चर्चा करावी आणि बिशप हाऊसला पत्राने कळवावे. विक्री, चहा आणि बॅनर यांची जागा पटांगणात किंवा हॉलमध्ये असते, हे याच बैठकीत ठरून गेले की पुढचे वाद टळतात.

तारीख निवडताना पंचांग आणि उपासना दिनदर्शिका दोन्ही समोर ठेवाव्यात. ख्रिस्तशरीराचा सण या विषयाला सर्वांत जवळचा, पण तो भारतात रविवारी साजरा होतो आणि २०२६ मध्ये तो रविवार ७ जूनचा आहे, म्हणजे कोकणकिनाऱ्यावर पावसाच्या तोंडाशी. त्या दिवसांत ओले जोडे, छत्र्यांतून गळणारे पाणी आणि हवेतला दमटपणा या तिन्ही गोष्टी फलकांच्या मुळावर येतात. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची प्रार्थना, असते आणि तिची चौदा स्थानके नेमकी त्याच भिंतींवर असतात ज्यांच्याकडे आयोजकांचे लक्ष असते. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या शेवटी गोठ्याच्या तयारीला जागा आणि माणसे दोन्ही लागतात. उरतो तो ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला असतो, महिना जपमाळेचा असतो आणि बारा तारखेला संत कार्लो यांचा सण असतो. माझ्या मते या प्रदर्शनासाठी एवढा सोयीचा दुसरा काळ नाही, मात्र दुपारचे ऊन लक्षात घेऊन वेळा सकाळ-संध्याकाळच्या ठेवाव्या लागतात.

ठरलेल्या आठवड्यात कोणाचे लग्न नोंदवलेले आहे का, हे चर्चच्या कार्यालयातील वहीत पाहून घ्यावे. सहा महिने आधी तारीख घेतलेल्या कुटुंबाच्या छायाचित्रांत पाठीमागे रक्तरंजित होस्तियाचे (मिस्सेतील पवित्र भाकरीचे) फलक येणे कोणालाच आवडणार नाही.

सगळे फलक मागवू नयेत

पहिला मोह सर्व फलक लावण्याचा होतो. तो आवरावा. साधारण दीडशे शब्दांचा मजकूर उभ्याने वाचायला आणि चित्र पाहायला एक मिनिट तरी जाते. दीडशे फलकांपुढे अडीच तास उभा राहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पहिल्या पंधरा फलकांनंतर लोक फक्त चित्रे पाहतात, तिसाव्यानंतर चालायला लागतात आणि पन्नासाव्यानंतर दार शोधतात. तीस ते चाळीस फलकांची निवड पुरेशी असते.

निवड करताना आकर्षक चित्रांपेक्षा सूत्र महत्त्वाचे मानावे. एक चांगले सूत्र असे आहे: सुरुवात शुभवर्तमानातील अखेरच्या भोजनाने आणि योहानाच्या सहाव्या अध्यायातील जीवनाच्या भाकरीच्या वचनांनी करावी, म्हणजे प्रदर्शनाचा पाया चमत्कारांवर नसून ख्रिस्ताच्या शब्दांवर आहे हे पहिल्या दोन फलकांतच स्पष्ट होते. त्यानंतर लांचानो घ्यावे. शंका घेणाऱ्या एका धर्मगुरूच्या हातात भाकरीचे मांस आणि द्राक्षारसाचे रक्त झाल्याची ही घटना परंपरा आठव्या शतकातील मानते, आणि १९७०-७१ मध्ये ओदोआर्दो लिनोली या डॉक्टरने तेथील अवशेषांची तपासणी करून ते हृदयाच्या स्नायूचे ऊतक आणि एबी गटाचे रक्त असल्याचा निष्कर्ष मांडला होता. मग १२६३ चे बोल्सेना येते. तेथील घटनेचा पोप उर्बन चौथे यांनी १२६४ मध्ये ख्रिस्तशरीराचा सण सार्वत्रिक करण्याशी परंपरेने संबंध जोडला जातो, त्यामुळे आपण दरवर्षी काढतो त्या मिरवणुकीचे मूळ लोकांना फलकावर सापडते. चिरट्टकोणम् अर्थातच घ्यावे. शेवटचा फलक संत कार्लो यांच्यावर असावा, कारण जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या मुलाचे छायाचित्र पाहून बाहेर पडणारी शाळकरी मुले त्याच्याविषयी घरी जाऊन बोलतात.

मराठी मजकूर आणि छपाई

मूळ फलक इटालियन, इंग्रजी आणि इतर काही भाषांत मिळतात. शहरातील एखाद्या चर्चमध्ये इंग्रजी फलक खपून जातील, पण गास, नंदाखाल, निर्मळ किंवा आगाशी या बाजूला मिस्सा मराठीतून होते, प्रार्थना मराठीतून होतात आणि घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते. तेथे इंग्रजी फलक लावणे म्हणजे पाहुण्याला दारात उभे करून आत न घेण्यासारखे आहे. चाळीस फलकांचा मजकूर सुमारे सहा हजार शब्दांचा होतो. एका माणसाने केलेले भाषांतर, दुसऱ्याने केलेली तपासणी आणि धर्मगुरूंनी पाहिलेल्या धर्मशास्त्रीय संज्ञा, एवढ्यासाठी सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवावेत. भाषांतर करण्यापूर्वी आणि फलक छापण्यापूर्वी मूळ आयोजकांच्या अटी वाचून त्यांची लेखी अनुमती घ्यावी, कारण चित्रे आणि मजकूर धर्मकार्यासाठी वापरले म्हणून स्वामित्वहक्क आपोआप सुटत नाही.

संज्ञांची एक छोटी यादी आधीच करून घ्यावी. होस्तिया, पवित्र साक्रामेंत, ख्रिस्तप्रसाद, युखरिस्त, मिस्सा हे शब्द एकाच फलकावर पाच तऱ्हांनी आले तर वाचक गोंधळतो. लांचानोचे ‘लान्सियानो’ आणि सोकुव्काचे ‘सोकोल्का’ होऊ नये म्हणून उच्चारही त्याच यादीत लिहावेत. वाक्ये लहान ठेवावीत. भाषांतर मोठ्याने वाचून पाहावे, कारण ज्येष्ठ मंडळींसाठी हाच मजकूर कोणीतरी वाचून दाखवणार असतो.

छपाईत आम्ही एकदा चांगलेच ठेचकाळलो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये टंकून छपाईवाल्याकडे दिला. त्याने तो आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला आणि प्रूफ न दाखवता बावीस फलक छापून टाकले. फलक उघडले तेव्हा ‘ख्रिस्त’ या शब्दाचा ख वेगळा आणि रिस्त वेगळा झालेला होता, ‘प्रार्थना’तील रफार थेट ‘न’वर चढला होता आणि ‘ऱ्या’ची अक्षरे जिथे असायला हवीत तिथे रिकामे चौकोन होते. बावीसच्या बावीस फलक पुन्हा छापावे लागले. तेव्हापासूनचा नियम असा आहे: छपाईवाल्याला मजकूर न देता तयार पानच द्यावे, त्यातील अक्षरांचे रेषांत रूपांतर झालेले असावे, आणि आधी एकच फलक छापून घेऊन तो दोघांनी बोट ठेवून वाचल्याशिवाय उरलेल्यांना हिरवा कंदील दाखवू नये.

साठ बाय ऐंशी सेंटिमीटरचा फलक हातभर अंतरावरून पाहण्यासाठी इंचाला दीडशे बिंदू पुरतात, म्हणजे चित्राची फाईल साधारण ३५४० बाय ४७२० पिक्सेलची हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले चित्र त्याच्या जवळपासही जात नाही. मजकुराची अक्षरे चोवीस पॉइंटपेक्षा लहान असू नयेत आणि काळी अक्षरे फिकट पार्श्वभूमीवर असावीत. जांभळ्यावर सोनेरी अक्षरे डिझाइनरच्या पडद्यावर शोभतात, चर्चच्या मंद उजेडात त्यांचा ठिपकाही दिसत नाही.

साहित्याच्या बाबतीत फ्लेक्स स्वस्त पडतो, पण तो चकाकतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि नव्या फ्लेक्सचा वास बंद चर्चमध्ये दोन दिवस रेंगाळतो. पाच मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डवर मॅट व्हिनाइल आणि वर मॅट लॅमिनेशन हा पर्याय थोडा महाग असला तरी चार-पाच धर्मग्रामांनी वर्गणी काढून एकच संच छापला तर तो सर्वांना पुरतो. प्रत्येक फलकाच्या पाठीमागे क्रमांक, बाण आणि संचाच्या मालकाचे नाव रंगाने लिहावे. कडा कापडी टेपने बांधून घ्याव्यात, कारण दमट हवेत व्हिनाइल कोपऱ्यापासून सुटू लागते आणि मुलांची नखे तिथेच पोहोचतात.

जागेची आखणी

मोजपट्टी घेऊन चर्चमध्ये रिकाम्या वेळी जावे आणि कागदावर आराखडा काढावा. साठ सेंटिमीटरचा फलक आणि दोन फलकांमध्ये चाळीस सेंटिमीटरची मोकळी जागा धरली की एका फलकाला सरळ एक मीटर लागतो. एखाद्या चर्चची बाजूची भिंत चोवीस मीटर लांब असली, तरी दारे, पापनिवेदन कक्ष, संतांच्या मूर्ती आणि क्रुसाच्या वाटेची स्थानके वगळता चौदा-पंधरा मीटरच हाती उरतात. दोन्ही बाजू मिळून अठ्ठावीस फलक आत आणि उरलेले बारा ओटीवर किंवा पोर्चमध्ये, असा हिशेब बहुतेक मध्यम आकाराच्या चर्चना जुळतो. स्थानके झाकू नयेत आणि मूर्तींपुढे फलक उभे करू नयेत, कारण मेणबत्ती लावायला आलेल्या बाईला तिच्या नेहमीच्या जागी उभे राहता आले पाहिजे.

भिंतीला खिळा मारू नये. जुन्या चर्चच्या चुन्याच्या गिलाव्यात मारलेला खिळा गिलाव्याचा तुकडा घेऊन बाहेर येतो आणि दुतर्फी चिकटपट्टी रंग घेऊन निघते. जुन्या गोव्यातील जागतिक वारसा चर्चसारख्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील वास्तूंत तर भिंतीला हात लावण्याआधीच खात्याची परवानगी लागते. मंडप डेकोरेटरकडे मिळणारे लोखंडी किंवा लाकडी स्टँड वापरावेत आणि त्यांच्या पायाला रबर लावून घ्यावे, नाहीतर फरशीवर ओरखडे राहतात. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण एकशे पंचेचाळीस सेंटिमीटरवर असावा. मुलांसाठी निवडलेले पाच-सहा फलक त्याहून खाली ठेवावेत, ते चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांनाही सोयीचे पडतात.

पंख्यांचा विचार सगळे विसरतात. शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेला भिंतीवरचे पंखे सुरू झाले आणि आमचा नववा फलक दहाव्यावर, दहावा अकराव्यावर असे करत एक अख्खी रांग उपदेशाच्या मध्यावर आडवी झाली. कोणाला लागले नाही. रविवारी सकाळी प्रत्येक स्टँडच्या पायाला कापडात गुंडाळलेल्या दोन-दोन विटा सुतळीने बांधल्या गेल्या. हे काम आदल्या दिवशीच करावे आणि सर्व पंखे पूर्ण वेगाने चालवून पाहावे.

मधला मार्ग पूर्ण मोकळा ठेवावा. लग्ने वहीत असतात, अंत्यविधी नसतात. प्रदर्शनाच्या आठवड्यात धर्मग्रामात कोणी वारले तर शवपेटी आणि तिच्या मागून चालणारे कुटुंब अडखळता कामा नये. दाराजवळचे आणि वळणावरचे स्टँड पंधरा मिनिटांत हलवता येतील असे असावेत, आणि ते हलवण्याची जबाबदारी दोन माणसांवर नावानिशी सोपवलेली असावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी कागदी आराखड्यात दिसत नाही. एका चर्चमध्ये मी पाहिले की वेदीच्या पायऱ्यांशी फलकांची अर्धवर्तुळाकार रांग मांडली होती. दिसायला ती सुंदर होती. पण ते फलक वाचणारा प्रत्येक माणूस टॅबरनॅकलकडे (पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीकडे) पाठ करून उभा राहत होता, आणि वाचत होता ते पवित्र साक्रामेंतातील ख्रिस्ताच्या उपस्थितीविषयी. वेदीचा परिसर प्रदर्शनासाठी वापरू नये. रांग मागच्या दारापासून सुरू होऊन वेदीच्या दिशेने सरकत यावी आणि शेवटच्या फलकानंतर पुढच्या दोन बाकांपाशी पोहोचावी, जिथे माणूस गुडघे टेकू शकेल. शक्य असल्यास तेवढ्याच वेळापुरती साक्रामेंताची आराधना ठेवावी. तेव्हा मात्र चर्चमधील समजावणे पूर्ण थांबवून मार्गदर्शकांनी ओटीवरच बोलावे.

उजेडासाठी हॅलोजन लावू नयेत. ते तापतात आणि लॅमिनेशनवर झळाळी पाडतात. साधे उबदार एलईडी वरून तिरके सोडावेत, वायरी भिंतीच्या कडेने नेऊन टेपने चिकटवाव्यात आणि मेणबत्त्यांचे स्टँड कोणत्याही फलकापासून किमान दोन मीटर दूर सरकवावेत. बाहेर पडण्याची सर्व दारे उघडी व मोकळी आहेत ना, हे दररोज सकाळी पाहावे.

गर्दीचा हिशेब

एका फलकापुढे तीन माणसे नीट उभी राहतात. चाळीस फलकांपुढे एकावेळी एकशेवीस, आणि प्रत्येकाला पाऊण तास धरला तर ताशी एकशेसाठच्या आसपास माणसे प्रदर्शन खऱ्या अर्थाने पाहू शकतात. रविवारच्या मिस्सेनंतर हजार लोक एकदम वळले तर त्यांच्या वाट्याला धक्काबुक्कीच येते. म्हणून विभागवार वेळा ठरवून त्या आदल्या दोन रविवारी मिस्सेत जाहीर कराव्यात. शाळा आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांना कामाच्या दिवशी सकाळी बोलवावे. शेजारच्या धर्मग्रामांना शनिवार द्यावा. रविवार फक्त ज्यांना दुसरा दिवस जमत नाही त्यांच्यासाठी राहू द्यावा. गर्दी मोठी होण्याची शक्यता असल्यास स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्यावे आणि वाहनांसाठी शेजारील मैदानाची व्यवस्था करावी. पटांगणात ध्वनिक्षेपक लावणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदी आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटर परिसरातील शांतताक्षेत्र हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निर्बंध लागू होतात.

मिस्सेच्या अर्धा तास आधी प्रदर्शन थांबवावे. त्या वेळेत लोक जपमाळ म्हणतात, पापनिवेदनाला रांग लागते आणि चर्चला स्वतःचा श्वास घ्यायला जागा लागते.

काय सांगावे आणि काय सांगू नये

स्वयंसेवकांचे प्रशिक्षण फलकांच्या छपाईइतकेच गांभीर्याने करावे. दोन तासांच्या पाळीला चार जण पुरेत: एक दाराशी, दोन फलकांपाशी, एक शेवटच्या बाकांजवळ शांतता राखायला. त्यांपैकी एकाला तरी सामवेदी किंवा वाडवळी अस्खलित यावी. आमच्याकडे डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झालेल्या एक आजी आल्या. त्यांना फलक दिसत नव्हता आणि पुस्तकी मराठी त्यांच्या कानाला परकी होती. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने त्यांचा हात धरून लांचानोची गोष्ट घरच्या बोलीत सांगितली. आजींनी तिला मध्येच थांबवून विचारले, “आणि त्या फादरना नंतर काय झाले?” फलकावर त्याचे उत्तर नव्हते. मुलीनेही तसे स्पष्ट सांगितले, गोष्ट वाढवली नाही. प्रशिक्षणात शिकवायचे असेल तर हेच.

कॅथलिक श्रद्धेत अशा घटनांचे स्थान काय आहे, ते पहिल्याच फलकावर लिहावे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या ६७ व्या परिच्छेदात खाजगी प्रकटीकरणे (व्यक्तींना झालेली दर्शने वा संदेश) श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नाहीत असे म्हटले आहे, म्हणजे त्यांवर विश्वास ठेवणे कोणावर बंधनकारक नाही. अलौकिक मानल्या जाणाऱ्या घटनांच्या परीक्षणासाठी व्हॅटिकनने १७ मे २०२४ रोजी नवे नियम प्रसिद्ध केले असून, त्यांत अशा घटनांविषयी बिशपांनी घ्यावयाच्या निष्कर्षांचे सहा प्रकार ठरवून दिले आहेत. प्रदर्शनातील घटनांची पार्श्वभूमी एकसारखी नाही. काहींना बिशपांची जुनी मान्यता आहे, काही केवळ स्थानिक परंपरेने चालत आलेल्या आहेत. सर्वांना एकाच दमात “विज्ञानाने सिद्ध झालेले” म्हणणारा स्वयंसेवक प्रदर्शनाचे नुकसान करतो.

महाराष्ट्रात याला कायद्याचीही बाजू आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून पैसे कमावणे, तसेच अशा चमत्कारांच्या प्रसारातून लोकांना फसवणे, ठकवणे किंवा त्यांच्यात दहशत निर्माण करणे यांचा समावेश आहे. त्याच कायद्याने दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयी सांगणे आणि त्यासंबंधीच्या साहित्याचा प्रसार करणे यांना वगळलेले आहे. तेव्हा इतिहास आणि श्रद्धा सांगणाऱ्या फलकांना घाबरण्याचे कारण नाही. मात्र प्रवेशमूल्य ठेवू नये, दानपेटी फलकांच्या रांगेत ठेवू नये, आणि “हा फलक स्पर्शून प्रार्थना केल्यास आजार बरा होतो” असे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू देऊ नये. आजारी माणूस घेऊन आलेल्या कुटुंबाला धर्मगुरूंकडे आणि डॉक्टरांकडे पाठवावे, फलकाकडे नव्हे.

वसई-विरारच्या आजच्या वस्तीत इतर धर्मांचे शेजारीही कुतूहलाने येतात. त्यांचे स्वागत घरी आलेल्या पाहुण्यासारखे करावे. त्यांच्याकडून नाव, पत्ता, फोन लिहून घेऊ नये आणि हाती पत्रके कोंबू नयेत. मुक्त संवादाला तेवढे पुरते.

अवशेष सोबत येत असतील तर

कधीकधी फलकांबरोबर एखाद्या संताचा पवित्र अवशेषही येतो. तेव्हा काम वेगळ्या पातळीवर जाते. अवशेषासोबत अधिकृत प्रमाणपत्र असावे, त्याच्या पात्रावरील मोहोर आणि दोरा अखंड असावा, आणि प्रवासाला संबंधित धर्माधिकाऱ्यांची लेखी संमती असावी. अवशेषाची विक्री कॅनन लॉच्या ११९० व्या कलमाने पूर्ण निषिद्ध ठरवलेली आहे, त्यामुळे ‘देणगीच्या बदल्यात’ अवशेष देऊ पाहणाऱ्या कोणाशीही व्यवहार करू नये. अवशेष एक क्षणही एकटा सोडू नये, रात्री तो सॅक्रिस्टीतील (वेदीशेजारच्या साहित्याच्या खोलीतील) कुलूपबंद कपाटात ठेवावा आणि किल्ली कोणाकडे आहे याची वहीत सही घ्यावी. ओठ टेकून वंदन करण्याऐवजी हात जोडून वंदन करण्याची विनंती करावी, म्हणजे काचही स्वच्छ राहते.

पैसे, पेट्या आणि परतपाठवणी

खर्च छपाई, वाहतूक, स्टँड, वीज, स्वयंसेवकांचा चहा आणि दुरुस्ती या सहा ठिकाणी होतो. छपाई आणि स्टँडसाठी तीन ठिकाणचे दर लेखी मागवावेत. आखातात किंवा कॅनडात असलेले आपले लोक हौसेने पैसे पाठवू पाहतात, पण परदेशी स्रोतातून, त्यात परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले लोकही आले, येणारी देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील नेमलेल्या खात्यातूनच यावी लागते. कोणाच्या वैयक्तिक खात्यात ती घेऊ नये. परदेशातून मूळ संच मागवण्यापेक्षा संमती घेऊन येथे छापणे बहुतेक वेळा स्वस्त आणि निर्धोक ठरते.

फलक प्रवासात उभे ठेवावेत, आडव्या थप्पीत कधीच नाही. प्लायवुडच्या पेटीत दोन फलकांमध्ये बटर पेपर आणि तळाशी जुन्या चादरीची घडी घालावी. पेटी आल्यावर आधीच्या आणि नव्या धर्मग्रामाच्या प्रत्येकी एका माणसाने ती मिळून उघडावी, प्रत्येक फलकाचा फोटो काढावा आणि कोपरे, ओरखडे, फुगे यांची नोंद वहीत करून दोघांनी सह्या कराव्यात. ही पाच मिनिटांची कटकट टाळली की परत देताना “हा डाग आमच्याकडचा नाही” हा वाद दोन तास चालतो. दोन धर्मग्रामांच्या तारखांमध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, टेम्पो वेळेवर येईल अशा भरवशावर वेळापत्रक बांधू नये.

समारोपाच्या संध्याकाळी शेवटच्या मिस्सेनंतर लगेच उतरवायला सुरुवात न करता लोक निघून जाईपर्यंत थांबावे. स्टँड उचलताना फलक आधी उतरवावेत, मग सुतळी सोडवावी, मग विटा काढाव्यात. बाके जागच्या जागी लावावीत, मेणबत्त्यांचे स्टँड मूर्तींजवळ परत न्यावेत आणि फरशी पुसून घ्यावी. हिशेब पुढच्या रविवारी सूचनाफलकावर लावावा. मग पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. कोणता फलक सैल झाला आहे, कोणत्या फलकापुढे गर्दी झाली, कोणता प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला आणि स्टँडचे किती बोल्ट कमी आहेत, एवढे त्यावर लिहिलेले असले की पुढच्या धर्मग्रामाने पेटी उघडल्यावर पहिला फोन तुम्हाला करायची गरज राहत नाही.